लोकरी निवडुंग पावसाळ्यात कसा जगवावा

पांढऱ्या जटांचा हा उभा निवडुंग म्हणजे सेफॅलोसेरियस सेनिलिस, मूळचा मेक्सिकोतल्या हिदाल्गोकडच्या चुनखडीच्या कड्यांवरचा. पेरूकडचा एस्पोस्टोआ लॅनाटा तसाच दिसतो. निगा दोघांचीही सारखीच. ‘मराठवाड्याच्या उन्हात टिकत नाही’ असं सांगणाऱ्याचं ऐकू नका. त्याची लोकर उन्हासाठीच आहे, सावलीत ती विरळ होते. फक्त हिरव्या जाळीखालून आणलेलं रोप पंधरा दिवस हळूहळू उन्हात सरकवा.

कुंडी मातीची. चाळलेला मुरूम आणि विटांचे बारीक तुकडे मिळून तीन वाटे, जुनं शेणखत एक वाटा. चाळणीखालची भुकटी फेका. शेतातली काळी माती मूठभरसुद्धा नको. कापसाला ती सोनं, याला विष.

उन्हाळ्यात कुंडी तळापर्यंत वाळली की पाणी, थंडीत जवळपास बंद.

आता पावसाळा. माझा पहिला निवडुंग श्रावणातल्या झडीत गेला, तोही घरात, खिडकीजवळ. पावसाचा थेंब लागला नव्हता, पण आठवडाभर हवाच ओली. आधी दिलेलं पाणी वाळेना, आणि लोकरीमुळे वरून सगळं झकास! एक दिवस कुंडी फिरवायला हात लावला, तर बुडाशी बोट पिकल्या सीताफळात जावं तसं आत गेलं. तेव्हापासून आभाळ भरलं की मी झारी उचलतच नाही, मग दोन आठवडे जावोत की चार. दर रविवारी पेन्सिलीच्या मागच्या टोकाने बुडाची लोकर बाजूला करून खोड दाबून बघतो. खालची लोकर वयाने तपकिरी होते, ते चालतं. ओली, चिकट लागली तर मात्र थांबू नका.

वरचा कडक भाग धारदार सुरीने कापा. काप नीट बघा: मधल्या गोल कड्यात एक जरी तपकिरी ठिपका दिसला तर बोटभर वर पुन्हा कापा, दर वेळी सुरी स्पिरिटने पुसून. मी एकदा ‘एवढंसं काय होतंय’ म्हणून ठिपका ठेवला आणि उरलेलाही घालवला. स्वच्छ तुकडा सावलीत दोन-तीन आठवडे सुकवा, काप चामड्यासारखा झाला की कोरड्या मुरमात उभा करा. हलवल्यावर मुळांनी धरल्यासारखं वाटेपर्यंत पाणी नाही.

लोकरीत पिठ्या ढेकूण लपतो. कापसाच्या बोळ्याने स्पिरिट लावा. शाम्पू वगैरे भानगडीत पडू नका.