स्वित्झर्लंडच्या घाटांत मोटरसायकल: नव्याने आलेल्यांसाठी

बाइक कोणती घ्यावी, हा प्रश्न बाजूला ठेवा आणि आधी लायसन्सचं बघा. भारतीय लायसन्सवर इथे फक्त 12 महिने गाडी चालवता येते. हे 12 महिने तुम्ही इथे राहायला आलात त्या दिवसापासून मोजले जातात, बाइक विकत घेतल्यापासून नाही. मधे दिवाळीला तीन आठवडे पुण्याला जाऊन आलात, तरी मोजणी थांबत नाही. ते संपण्याआधी कँटोनच्या (म्हणजे इथल्या राज्याच्या) वाहतूक कार्यालयात अर्ज करावा लागतो. चष्म्याच्या दुकानातून दृष्टी तपासणीचा शिक्का घ्यायचा आणि मग परीक्षकाबरोबर एक फेरी मारून दाखवायची. हिला इथे 'कोंट्रोलफार्ट' म्हणतात.

ही फेरी एकदाच देता येते. नापास झालात तर दुसरी संधी नाही: भारतीय लायसन्सवर इथे चालवायला त्याच दिवसापासून बंदी येते. मग शिकाऊ परवान्यापासून सगळं पुन्हा: लेखी परीक्षा, आठ तासांचा वाहतूक वर्ग, मोटरसायकलचं 12 तासांचं सक्तीचं प्रशिक्षण आणि शेवटी प्रात्यक्षिक परीक्षा. खर्च हजारांत जातो आणि उन्हाळा हातचा जातो. तरीही आपल्या ग्रुपवर दर वर्षी कोणीतरी लिहितंच, "पंधरा वर्षं गाडी चालवतोय, तयारी कसली करायची?" कृपया ऐकू नका. पंधरा वर्षांच्या सवयींमुळेच लोक नापास होतात. खांद्यावरून मागे न बघता वळणं, थांबा-रेषेवर चाक पूर्ण न थांबवणं आणि सगळ्यांत जास्त म्हणजे उजवीकडून येणाऱ्याला वाट न देणं. वस्तीतल्या ताशी 30 च्या रस्त्यांवर कोणाचा हक्क पहिला हे सांगणारी पाटी नसते. तिथे उजव्या गल्लीतून सायकल आली तरी तिचा हक्क पहिला. स्थानिक प्रशिक्षकाबरोबर दोन-तीन तास घ्या. तो पैसा सत्कारणी लागतो.

अर्ज करताना दोन्ही श्रेणी लिहा, गाडी आणि मोटरसायकल. भारतीय लायसन्सवर गिअरवाल्या दुचाकीची नोंद (एमसीडब्ल्यूजी) नसेल, तर मोटरसायकलची श्रेणी मिळणार नाही. निघण्याआधी तपासा, कारण ती दुरुस्ती भारतातच होते. 12 महिने उलटून गेल्यावर चालवलंत तर ते विनापरवाना चालवणं ठरतं. हा फौजदारी गुन्हा आहे आणि अपघात झाला तर विमा कंपनी दिलेली भरपाई तुमच्याकडून वसूल करू शकते. सहाव्या महिन्यात अर्ज टाका, अकराव्यात नाही.

हेल्मेट भारतातून आणू नका. आयएसआयचा शिक्का इथे चालत नाही, ईसीई 22 या युरोपीय मानकाचंच लागतं.

आता घाट. वरंधा, ताम्हिणी, कुंभार्ली केलेल्यांना वळणांची भीती नसते आणि धोका तिथेच आहे. आपल्याकडे डावीकडून चालतो, म्हणून डावं हेअरपिन आतलं आणि घट्ट, तर उजवं बाहेरचं आणि मोकळं. इथे उजवीकडून चालतो, म्हणून हे नेमकं उलटं होतं. उजवं हेअरपिन घट्ट होतं: चढावर ते पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, नजर वळणाच्या शेवटावर ठेवून घ्यायचं, कारण मधेच क्लच दाबला की बाइक आतल्या बाजूला आडवी होते. डावं वळण मोकळं वाटतं आणि तिथेच माणूस फसतो. डावीकडे झुकल्यावर चाकं आपल्या लेनमध्ये असली, तरी डोकं आणि खांदा मधली रेषा ओलांडून समोरच्या लेनमध्ये जातात. समोरून बस आली तर तिथे जागा नसते. डाव्या वळणात शिरताना चाकं लेनच्या उजव्या कडेजवळ ठेवा आणि वळणाचा शेवट दिसेपर्यंत आत येऊ नका. दुसरी चूक थांब्यानंतर होते. कॉफी पिऊन रिकाम्या रस्त्यावर निघालं की हात आपोआप डावीकडे नेतो. टाकीवर उजवीकडचा बाण चिकटवून ठेवा, पहिलं वर्षभर तरी.

उतारावर ब्रेक धरून बसू नका. ज्या गिअरने चढलात त्याच गिअरने उतरा आणि ब्रेक वळणाआधी सरळ रस्त्यावर मारून सोडून द्या. सतत दाबलेला ब्रेक तापतो, द्रव उकळतो आणि लिव्हर पोकळ लागतो.

सुरुवात लहान घाटांनी करा. झुरिचहून आइनझीडेल्न, सिल तलाव, मग इबेरगेरेग (1406 मीटर) चढून श्वीत्स. परतताना साटेलएग. दोन-तीन रविवार हेच करा. प्रागेल पास (पास म्हणजे खिंड) नकाशावर जवळ दिसतो, पण त्याच्या ग्लारुसकडच्या भागात शनिवार-रविवारी मोटार वाहनांना बंदी असते.

त्यानंतर तीन पासांची फेरी. सुस्टेन (2224 मीटर), ग्रिम्सेल (2164) आणि फुर्का (2429), साधारण 120 किलोमीटर. दिशा महत्त्वाची आहे. वासेनहून सकाळी सुस्टेन चढा, म्हणजे सूर्य पाठीशी राहतो. इनेर्टकिर्खेनला उतरून ग्रिम्सेल, ग्लेचहून फुर्का आणि दुपारी आन्डरमाट. तेव्हाही सूर्य पाठीशीच. उलट्या दिशेने गेलात तर दोन्ही वेळा ऊन डोळ्यांत. सुस्टेन 1946 साली खुला झाला आणि तो खास मोटारींसाठी आखला होता. म्हणून त्याची वळणं समजूतदार आहेत आणि पहिला मोठा पास म्हणून तोच घ्यावा. ग्रिम्सेल रुंद, बाजूला धरणांचे तलाव. फुर्काची आन्डरमाटकडची बाजू अरुंद आहे आणि कडेला बऱ्याच ठिकाणी कठड्याऐवजी फक्त दगड आहेत. तिथे दृश्य बघायचं तर थांबून बघा.

नुफेनेन (2478) आणि गोटहार्ड जोडायचे असतील तर दोन गोष्टी. नुफेनेनच्या तिचिनोकडच्या बाजूला काँक्रीटचे स्लॅब आहेत, प्रत्येक सांध्यावर हँडल थरथरतं. घट्ट धरू नका, कोपर सैल सोडा. गोटहार्डचा जुना ट्रेमोला रस्ता ग्रॅनाइटच्या फरसबंदीचा आहे आणि त्यावर 24 हेअरपिन आहेत. कोरडा असेल तरच जा आणि आइरोलोहून वर चढत जा. पाऊस असेल तर बाजूचा नवा रस्ता आहे. गोटहार्डच्या 17 किलोमीटरच्या बोगद्यातून उन्हाळ्यात बाइक नेऊ नका, आत भट्टी असते.

क्लाउझेन पासवर (1948 मीटर) गुरं. उर्नरबोडेन हे देशातलं सर्वांत मोठं गाईंचं कुरण आहे. गाई रस्त्यावर उभ्या असतात आणि ओल्या शेणावर टायर बर्फासारखा सरकतो. पिवळ्या पोस्टबसचा भोंगा ऐकू आला की वळणाआधीच थांबा. निळ्या पाटीवर पिवळा भोंगा असलेल्या रस्त्यांवर तिचा हक्क पहिला आणि चालक हाताने जे सांगेल ते ऐकायचं. इतर चढांवर उतरणाऱ्याने थांबायचं असतं.

ग्राउब्युंडेनमधले अल्बुला (2312) आणि फ्ल्युएला (2383) माझ्या मते वर सांगितलेल्या पासांपेक्षा सुंदर आणि शांत आहेत. आपली मंडळी तिकडे कमी जातात, कारण लांब पडतं. अल्बुलाच्या बाजूने रेटिअन रेल्वे जाते.

हे उंच पास साधारण जूनपासून ऑक्टोबरपर्यंतच उघडे असतात आणि तारखा दर वर्षी बर्फावर ठरतात. निघायच्या सकाळी टीसीएस या स्विस मोटार क्लबच्या साइटवर स्थिती बघा. खाली 28 अंश असताना वर 12 असू शकतं. पावसाचा कोट नेहमी सोबत. पासावर पंप नसतो. मायरिंगेन किंवा आन्डरमाटला टाकी भरा.

वेग: गावात 50, बाहेर 80, मोटरवेवर 120. घाटात 80 च्या जागी 110 म्हणजे लायसन्स किमान तीन महिने जप्त आणि फौजदारी नोंद. ही नोंद नागरिकत्वाच्या अर्जात आड येते. कॅमेऱ्याची सूचना देणारं उपकरण किंवा अॅप वापरणं बेकायदा आहे, उपकरण जप्त होतं. भारतातून आणलेल्या फोनमधलं तसलं अॅप आधी काढा. मोटरवेसाठी बाइकलाही 40 फ्रँकचं फिन्येट (टोलचा परवाना) लागतं. नसेल तर 200 दंड.

शेवटचं, विम्याचं. आठवड्याला एकाच कंपनीत किमान आठ तास नोकरी असेल, तर सुट्टीतला अपघातही त्या कंपनीच्या विम्यात येतो. नोकरी नसलेला जोडीदार मागे बसत असेल, तर त्याच्या आरोग्य विम्यात अपघाताचं कव्हर आहे का ते आजच बघा. पैसे वाचवायला अनेकांनी ते काढून टाकलेलं असतं. अपघातात बचावाच्या हेलिकॉप्टरसाठी रेगा ही संस्था, 1414. हा नंबर फोनमध्ये घाला, जोडीदाराच्या फोनमध्येही.