सेट-टॉप बॉक्सचा रिमोट चालत नाही? या चुका टाळा

रिमोटचे बटण दाबले आणि काहीच झाले नाही, की पहिला संशय सेलवर जातो, दुसरा रिमोटवर. पण दोन्ही बदलण्याआधी बॉक्सच्या पुढच्या पट्टीकडे पाहा. बहुतेक बॉक्सवरचा छोटा दिवा रिमोटचा संदेश मिळताच क्षणभर लुकलुकतो. तो लुकलुकला, तर सेल, रिमोट आणि मधली वाट तिन्ही ठीक आहेत. दोष बॉक्स, टीव्ही किंवा डिशच्या बाजूला शोधायचा. दिवा हललाच नाही, तर दोष अलीकडे, म्हणजे सेल, रिमोट किंवा मधल्या वाटेत आहे. हे न पाहता सगळी बटणे दाबत सुटणे, ही सगळ्यात महागात पडणारी चूक. कारण एक बिघाड शोधता शोधता चार सेटिंग बदलून बसतात आणि मूळ दोष कोणता होता तेच कळेनासे होते.

'नो सिग्नल' कोण म्हणतंय?

पडद्यावर 'नो सिग्नल' आले की बॉक्सचा रिमोट हाती घेऊन चॅनेल बदलत राहतात. पण ही सूचना दोन ठिकाणांहून येते. टीव्हीला बॉक्सकडून चित्रच मिळत नसेल, तर टीव्ही स्वतः हे शब्द दाखवतो. बॉक्सला डिशकडून काही मिळत नसेल, तर बॉक्स आपली वेगळी पाटी दाखवतो, बहुधा एखाद्या क्रमांकासह.

फरक ओळखायला बॉक्सच्या रिमोटवरचे 'मेनू' दाबा. मेनू उघडला, तर बॉक्स आणि टीव्हीमधली जोडणी पक्की आहे. मग डिशची दिशा, एलएनबी (डिशसमोरच्या दांड्यावरचा, सिग्नल पकडणारा भाग), केबलचे पेच किंवा जोराचा पाऊस यांतले काहीतरी कारण असते आणि रिमोटवरचे कोणतेही बटण त्यावर इलाज करू शकत नाही. मेनू उघडलाच नाही, तर टीव्हीच्या रिमोटवर 'सोर्स' दाबून बॉक्स ज्या खोबणीत जोडला आहे तीच निवडा, एचडीएमआय १, एचडीएमआय २ किंवा एव्ही. तरीही काही नसेल, तर बॉक्स स्टँडबायमध्ये आहे का ते पाहा. एकाच रिमोटने टीव्ही आणि बॉक्स दोन्ही बंद करायची सवय असेल, तर कधीतरी एकाला संदेश पोहोचतो, दुसऱ्याला नाही. मग दर वेळी एक चालू होतो तेव्हा दुसरा बंद होतो. अशा वेळी बॉक्स त्याच्या अंगावरच्या बटणाने चालू करा आणि मग टीव्ही.

सेलच्या बाबतीत होणाऱ्या चुका

एक जुना, एक नवा असे सेल घालू नका. कमजोर सेल आधी संपतो, मग दुसरा त्याच्यातून जबरदस्तीने प्रवाह ढकलत राहतो आणि तो फुटून गळायला लागतो. नव्या अल्कलाइन सेलवर सुमारे १.५ ते १.६ व्होल्ट दिसतात. मीटरवर १.२ च्या खाली आकडा आला, की रिमोटच्या टोकाचा दिवा मंद होतो आणि रिमोट चालायला बॉक्सच्या जवळ जावे लागते. हे लांबून न चालणे म्हणजे सेल संपत आल्याची पहिली खूण.

रिमोट आपटल्यावर किंवा सेल बोटाने फिरवल्यावर तात्पुरता चालतो, याचा अर्थ सेल नव्हे, स्प्रिंग आणि पत्री खराब आहेत. फिरवल्याने त्यांच्यावरचा मळ जरा खरवडला जातो एवढेच. त्यावर पांढरी भुकटी असेल तर ती अल्कलाइन सेलमधून गळलेल्या द्रावणाची आहे, त्वचेला आणि डोळ्यांना अपायकारक. हातमोजे घाला, व्हिनेगर किंवा लिंबाच्या रसात बुडवलेल्या कापसाच्या काडीने पुसा, मग किंचित ओल्या काडीने आम्ल काढून टाका आणि पूर्ण वाळू द्या. पत्री चमकू लागली की नवे सेल घाला. रिमोट महिनोन्‌महिने वापरात नसणार असेल तर सेल काढूनच ठेवा.

रिमोट संदेश सोडतोय का, हे डोळ्यांना दिसत नाही

रिमोटमधून निघणारा प्रकाश अवरक्त असतो, बहुधा ९४० नॅनोमीटरचा. डोळ्याला दिसत नाही, पण मोबाईलच्या कॅमेऱ्याला दिसतो. रिमोटचे टोक कॅमेऱ्याकडे धरा आणि बटण दाबून ठेवा. जांभळट-पांढरी लुकलुक दिसली तर रिमोट सोडतोय. मात्र आधी चालू असलेल्या दुसऱ्या रिमोटवर हीच तपासणी करून पाहा, कारण मागच्या कॅमेऱ्यात अवरक्त अडवणारा फिल्टर असू शकतो. पुढच्या कॅमेऱ्यात तो अनेकदा नसतो. ब्लूटूथवर चालणाऱ्या रिमोटला ही चाचणी लागू नाही. त्याची जोडणी तुटली असेल तर बॉक्सच्या मेनूतून पुन्हा जोडावा लागतो.

लुकलुक दिसते पण बॉक्स ऐकत नाही, तर मधली वाट पाहा. रिमोटचा संदेश टिपणारा बॉक्सचा डोळा धुळीने, शोभेच्या काचेने किंवा समोरच्या फुलदाणीने झाकला जातो. रिमोटला घातलेले जाड प्लास्टिकचे आवरण पुढचा दिवा झाकते, ते काढून एकदा पाहाच. थेट ऊन डोळ्यावर पडत असेल तर दुपारी रिमोट चालत नाही आणि संध्याकाळी चालतो, हा प्रकार नेमका तोच.

आणि एक बटण दाबलेलेच राहिले तर? रिमोट सतत एकच संदेश सोडत राहतो. त्यामुळे नवे सेल काही दिवसांतच संपतात आणि जवळचे दुसरे रिमोटही चालेनासे होतात. सगळ्या बटणांवरून बोट फिरवून खाली बसलेले बटण शोधा. ठराविक बटणेच चालत नसतील, तर रबराच्या चटईखालचे काळे ठिपके आणि समोरची पट्टी चिकट झालेली असते. सेल काढून रिमोट उघडा आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाने अलगद पुसा. जोर लावला तर काळा थर निघून येतो.

एका बटणाने चित्र गायब

'टीव्ही/रेडिओ' बटण चुकून दाबले गेले की चित्र जाते, फक्त आवाज येतो. तेच बटण पुन्हा दाबा. 'फेव्हरेट' दाबल्यावर यादी दहा-वीस चॅनेलवर येते आणि बाकीची 'उडाली' असे वाटते. चित्राचा आकार बदलणारे बटण टीव्हीला न झेपणारे रेझोल्यूशन लावते आणि पडदा काळा पडतो. अशा वेळी बॉक्स बंद करू नका, तेच बटण चार-पाच सेकंदांच्या अंतराने दाबत राहा, चित्र परत येते.

आवाजाचीही एक जोडी सांभाळा. बॉक्सचा आवाज ८० ते ९० टक्क्यांवर ठेवून कमीजास्त टीव्हीने करा. उलट केल्यास बोलणे बारीक आणि पार्श्वभूमीची खरखर मोठी होते.

मेनूत शिरून केलेले बदल

एलएनबीच्या पानावर अंदाजाने काहीही बदलू नका. युनिव्हर्सल एलएनबीसाठी ९७५० आणि १०६०० (मेगाहर्ट्झ) हे आकडे असतात. तिथे २२ किलोहर्ट्झचा टोन बंद झाला की वरच्या पट्ट्यातले चॅनेल जातात, आणि १३-१८ व्होल्टची निवड चुकली की एका ध्रुवणाचे, म्हणजे आडव्या किंवा उभ्या लहरींवरचे. म्हणजे निम्मे चॅनेल दिसतात, निम्मे नाहीत. लोक डिश हलवायला धावतात आणि सुस्थितीतली डिश बिघडवून बसतात. या पानाचा मोबाईलवर एक फोटो आधीच काढून ठेवा.

'फॅक्टरी रिसेट' हा शेवटचा उपाय. त्यात चॅनेलची यादी, फेव्हरेट आणि पिन सगळे जाते. बॉक्स अडकला असेल, म्हणजे त्याच्या अंगावरचे बटणही काम करत नसेल, तर आधी वीज काढून अर्धा मिनिट थांबा आणि पुन्हा लावा. बहुतेक वेळा एवढेच पुरते.