श्वासमार्ग मोजताना या चुका टाळा: मान, उशी आणि आवंढा

घोरणाऱ्या पेशंटचे स्कॅन पुण्यात हॉस्पिटलच्या सीटीवर होतात तसे डेंटल सीबीसीटी (शंकूच्या आकाराच्या एक्स-रे झोताने घेतलेला दातांचा-जबड्याचा त्रिमितीय स्कॅन) सेंटरांवरही होतात. घोळ इथूनच सुरू होतो. नेहमीचा प्रकार असा: उपचाराआधीचा सीटी डेक्कनला, टेबलावर उताणं झोपवून. शस्त्रक्रियेने खालचा जबडा पुढे घेतल्यानंतरचा सीबीसीटी कोथरूडला, खुर्चीत बसवून. दोन्ही फाइली सॉफ्टवेअरमध्ये टाकल्या, श्वासमार्गाच्या सर्वांत अरुंद जागेचं क्षेत्रफळ वाढलेलं दिसलं, की पेढे वाटायला सगळे मोकळे! उताणं झोपल्यावर जीभ आणि मऊ टाळू स्वतःच्या वजनाने मागे घशाकडे सरकतात. बसल्यावर तो भार तसा पडत नाही. त्यामुळे वाढलेल्या आकड्यात शस्त्रक्रियेचा वाटा किती आणि खुर्चीचा किती, हे त्या फाइलींवरून कोणालाही सांगता येत नाही. दुसरा स्कॅन पहिल्यासारख्याच मशीनवर, त्याच स्थितीत घ्या. जमत नसेल तर तुलनाच करू नका. 'उताणा' की 'बसून' हे रिपोर्टच्या पहिल्या ओळीत हवं, आणि सीटी असेल तर डोक्याखाली काय होतं तेही.

दुसरी चूक मानेची, आणि ती जास्त चिवट. 'हनुवटी वर' म्हटलं की लोक मान मागे टाकतात. मग जिभेमागची जागा रुंदावते, हनुवटी छातीकडे गेली की आवळते. नवशिके म्हणतात, नंतर सॉफ्टवेअरमध्ये डोकं सरळ करू. त्याने फक्त चित्र फिरतं. वाकलेल्या मानेतला मऊ घसा होता तसाच राहतो. पेशंटला समोरच्या आरशात स्वतःच्या डोळ्यांत बघायला सांगा, डोकं स्थिरावू द्या, मगच पट्टा बांधा. नंतर कवटीच्या तळाची रेषा आणि मानेच्या दुसऱ्या मणक्याच्या मागच्या कडेची रेषा यांतला कोन दोन्ही स्कॅनवर मोजा. माझा नियम: 5 अंशांहून जास्त फरक असेल तर आकडे शेजारी मांडायचे नाहीत.

दातांत धरायची कांडी श्वासमार्गाच्या स्कॅनला काढून ठेवा. ती पुढच्या दातांत धरली की खालचा जबडा उघडतो आणि पुढेही येतो, म्हणजे मोजायचीच गोष्ट बदलते. मागचे दात मिटलेले, ओठ सैल. हनुवटीचा आधार टेकण्यापुरता, रेटायला नाही.

स्कॅन सुरू होण्याआधी एकदा आवंढा गिळू द्या, मग "काका, आता गिळायचं नाही, नाकाने हळू श्वास" असं सांगा. मध्येच गिळलं तर मऊ टाळूची कड दुहेरी दिसते. असा स्कॅन मोजू नये.

श्वासमार्गाच्या एकूण घनफळावर भाळू नका. खालची सीमा एपिग्लॉटिसच्या (जिभेच्या मुळामागच्या, स्वरयंत्रावरच्या झाकणीच्या) टोकाला धरली तर मान हलल्यावर ते टोक मणक्यांच्या तुलनेत सरकतं, आणि मोजलेल्या तुकड्याची लांबीच बदलते. सीमा कुठे धरली ते लिहा.

हवेचा थ्रेशोल्ड, म्हणजे कोणत्या छटेपर्यंत हवा धरायची ती मर्यादा, दोन्ही वेळा तोच ठेवा. पण सीबीसीटीच्या करड्या छटा सीटीच्या हाउन्सफील्ड आकड्यांसारख्या (ऊतीची घनता दाखवणारं ठरलेलं माप) प्रमाणित नसतात, म्हणून एका मशीनचा आकडा दुसऱ्यावर उचलून लावू नका.