चौदा वर्षांनी बडोद्याला, तेही लग्नाला

पहिली सूचना: गाडीत गाढ झोपू नका.

२००८ ते २०१० मी बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात एम.ए. करत होतो. तेव्हा डोंबिवलीहून परत जायचं म्हणजे मुंबई सेंट्रलहून रात्रीची वडोदरा एक्स्प्रेस. ती बडोद्यालाच संपायची, त्यामुळे उतरायची काळजी नसे. डबा रिकामा झाला की झाडू मारणारा पोरगा पाय हलवून उठवायचा. जानेवारी २०२१ पासून ही गाडी दादरहून सुटते आणि बडोद्याला न संपता पुढे केवडियाला, म्हणजे आताच्या एकतानगरला जाते. हे मला ठाऊक होतं. तिकीट काढताना नीट वाचलं होतं. पण अंगात मुरलेली सवय तिकीट वाचत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये माझा मित्र जिगर याच्या लग्नाला निघालो आणि डोळे उघडले ते थेट एकतानगरला. सरदार पटेलांचा १८२ मीटरचा पुतळा काही किलोमीटरवर उभा, आणि मी फलाटावर बॅग धरून विचार करतोय की नव्वदएक किलोमीटर मागं कसं जायचं. ग्रहशांती आणि पीठी (म्हणजे आपली हळद) दोन्ही हुकले. तेव्हा मोबाईलवर दोन गजर लावा, किंवा मुंबई सेंट्रलहून सकाळी निघणारी वंदे भारत पकडा. दिवसाढवळ्या तरी माणूस जागा असतो.

ज्या शहरात आपण कधीकाळी राहिलो तिथं पाहुणा म्हणून जायचं असेल, तर अशा खोड्या निघतातच. माझ्या चुकांवरून आणि एक-दोन बरोबर निघालेल्या गोष्टींवरून हे लिहितोय. गाव माझं बडोदं आहे. तुमचं दुसरं असेल, पण गुजराती लग्न असेल तर बरंचसं जसंच्या तसं चालेल.

कंकोत्री (लग्नपत्रिका) आली की नीट वाचा. लहान मुलांच्या नावानं खाली एक ओळ हमखास असते, ‘काकाना लगनमां जलूल जलूल आवजो’, ती वाचून हसून पत्रिका ठेवून देऊ नका. तीन गोष्टी शोधा. एक, हस्तमेळापाची, म्हणजे वधूवरांचे हात एकमेकांच्या हातात देण्याची वेळ. आपल्याकडे मुहूर्ताला अक्षता हातात घेऊन मंडप भरलेला असतो. तिकडे अक्षता वाटत फिरणारी माणसं मला दिसली नाहीत, आणि बरीच मंडळी हस्तमेळापाच्या आधीच जेवून घराकडे निघालेली असतात. मित्राचं लग्न लागताना बघायचं असेल तर तुम्हाला मुद्दाम थांबावं लागेल. दुसरं, ‘चांदला प्रथा बंध छे’ असं छापलंय का. चांदला म्हणजे पाकिटातला आहेर. बंद आहे म्हटलं तर आपल्या ‘कृपया आहेर आणू नये’ सारखंच समजा, पण इथे खरोखर घेत नाहीत. माझं पाकीट जिगरच्या काकांनी दोनदा खिशात परत कोंबलं. बंद नसेल तर मात्र दारापाशी एक गृहस्थ वही घेऊन बसलेले असतात, त्यांच्याकडे नाव सांगून द्यायचं. ५०१, ११०१ असा वरचा एक रुपया विसरू नका.

तिसरं, जागा. गुजरातेत लग्न हॉलमध्ये असण्यापेक्षा पार्टी प्लॉटवर असण्याची शक्यता जास्त. म्हणजे शहराच्या कडेला मोठं हिरवळीचं मैदान, वर उघडं आकाश. आमचा प्लॉट भायलीला होता. माझ्या वेळी भायली म्हणजे शेतं आणि रेल्वेचं एक चिमुकलं स्टेशन. २०२० मध्ये ते महापालिकेत आलं आणि आता तिथं उंच इमारतींच्या रांगा आहेत. मी मात्र ‘भायली ना, माहितेय’ म्हणत रिक्षात बसलो आणि माहीत असल्याचं सोंग पंधरा मिनिटांत उघडं पडलं. प्लॉटांची नावं सारखी असतात, म्हणून मित्राकडून मोबाईलवर लोकेशनच मागवा, आठवणीवर जाऊ नका. रात्री परतताना तिकडे रिक्षा मिळत नाही. जेवायला बसायच्या आधीच ‘स्टेशनच्या बाजूला कोण जाणार आहे?’ हे विचारून एखाद्या मामा-मामींची गाडी पक्की करा. आणि शाल किंवा जाकीट घ्या. बडोद्याची डिसेंबरची दुपार शर्टावर निघते, पण रात्री अकराला हिरवळीवर दव पडतं आणि बूट ओले होतात.

डिसेंबर म्हटलं म्हणून तारखेबद्दलही एक. साधारण १५ डिसेंबर ते संक्रांत हे गुजराती लोकांचं कमुरता, आपला धनुर्मास. त्यात लग्नं होत नाहीत. म्हणजे तुळशीच्या लग्नानंतरची सगळी गर्दी त्या आधीच्या महिन्याभरात लोटते. हॉटेल आणि गाडीचं तिकीट पत्रिका येण्याची वाट न बघता काढा, तारीख फोनवर कळली की लगेच.

बाटलीचं. वऱ्हाडात कोणीतरी दबक्या आवाजात सांगतोच की ‘मुंबईहून येतोयस तर एक आण’. आणू नका. गुजरातेत दारूबंदी आहे, परवान्याशिवाय जवळ बाळगणं गुन्हा आहे. बाहेरगावच्या माणसाला तात्पुरता परवाना मिळतो, ज्याला हवं त्यानं तो रीतसर काढावा. नवरदेवाच्या मित्राला वरातीच्या दिवशी पोलीस चौकीत बसवलेलं कोणालाच बघायचं नसतं.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो.

आपण जुन्या गावात जातो तेव्हा डोक्यात आपली दोन वर्षं असतात. गावाची त्यानंतरची चौदा वर्षं झालेली असतात, त्यांची आपल्याकडे नोंद नसते. ती आधी विचारून घ्या. मी विचारली नव्हती. एकतानगरहून धडपडत दुपारी बडोद्याच्या समा भागात जिगरच्या घरी पोचलो आणि हॉलमध्ये पाय ठेवताच म्हणालो, ‘वा मासी, लग्नासाठी रंग काढलात, छान!’ रंग खालच्या अर्ध्या भिंतीलाच होता. वरचा अर्धा जुना, फिकट पिवळा. मासी, म्हणजे जिगरची आई, काही बोलल्या नाहीत. जिगरची वहिनी म्हणाली, ‘ऑगस्टमां पाणी आव्युं तुं ने.’

ऑगस्ट २०२४ च्या पुरात विश्वामित्री नदी ३५ फुटांच्या वर गेली होती. पुराच्या बातम्या मी डोंबिवलीत बघितल्या होत्या, मगरी रस्त्यावर आल्याचे व्हिडीओ तर सगळ्यांना पुढं पाठवलेही होते. हसण्याची चिन्हं लावून. पण या घरात छातीएवढं पाणी तीन दिवस होतं हे मला माहीत नव्हतं. कारण मी विचारलंच नव्हतं.

संध्याकाळी मासींनी कपाट उघडून घरचोळुं दाखवलं. सुनेला सासरकडून देतात ती लाल बांधणीची जरीच्या चौकटींची साडी. त्यांनी ती जुलैतच आणून खालच्या खणात ठेवली होती. पदराच्या एका घडीवर तळहाताएवढा तपकिरी डाग होता. दोनदा धुऊनही निघाला नव्हता. दुसरी आणायला निघाल्या तर होणारी सून म्हणाली, हीच नेसते, घडी आत घालू. मासी डागावरून अंगठा फिरवत हे सांगत होत्या आणि मी मान हलवत होतो. दुसऱ्या दिवशी स्टेजवर मी डाग शोधत होतो. दिसला नाही.

तर निघण्याआधी फोन करा, आणि ‘काय आणू?’ विचारण्याआधी ‘मधल्या काळात काय काय झालं?’ हे विचारा. कोण गेलं, कोण परदेशी गेलं, कुठलं दुकान बंद झालं. रंगाबद्दल बोलण्याआधी तरी.

लग्नघरात काम मागून घ्या. बसून राहिलात तर दर वीस मिनिटांनी चहा येईल आणि सगळे विचारतील की तुम्ही मुंबईला काय करता. मला साफ्याच्या (फेट्याच्या) पिना आणि चार श्रीफळं आणायला मंगळ बजारात पाठवलं. तिथं मात्र मला रस्ता येत होता. न्यायमंदिरातली कोर्टं २०१८ मध्येच दिवाळीपुऱ्यात गेली, तरी रिक्षावाल्याला ‘न्यायमंदिर’ म्हटलं की अजून तिथंच सोडतो. तिथून लहेरीपुरा दरवाजा, आणि आत गल्ली. जुनी नावं वापरायची ती इथं, शहराच्या पोटात. बाहेरच्या नव्या भागात ती कामाची नाहीत. उलटही होतं. गेंडा सर्कलपासून मनीषा चोकडीपर्यंत २०२२ च्या डिसेंबरात साडेतीन किलोमीटरचा अटल ब्रिज झालाय. रिक्षावाला त्यावरून पाच मिनिटांत घेऊन गेला आणि माझं ओळखीचं सगळं खालून निघून गेलं. घाई नसेल तर ‘नीचेथी लो’ म्हणा.

भाषेचंही सांगतो, कारण मराठी माणसाला वाटतं की गुजराती आपल्याला येते. बऱ्यापैकी कळते, तीच भानगड आहे. पहिल्या वर्षी मासींनी मला सांगितलं होतं, ‘बारणुं वासी दे.’ मी दार सताड उघडलं. गुजरातीत वासणं म्हणजे लावून घेणं. मांजर आत आलं आणि दुधाच्या पातेल्यापर्यंत पोचलं. ही गोष्ट त्या घरात अजून सांगतात, या वेळी नव्या सुनेच्या माहेरच्यांना सांगितली. तुमच्याकडे अशी गोष्ट असेल तर ती सांगितली जाणारच, आधीच हसायची तयारी ठेवा.

गरब्यात ओढतील. नाही म्हणू नका, पण आतल्या गोलात शिरू नका. तिथं ज्यांना येतं ते असतात आणि वळताना त्यांचा हात लागतो. सगळ्यांत बाहेरच्या, मंद गोलात मावश्यांच्या मागं उभं राहा, बे ताली (दोन टाळ्या) करत. पुढच्या मावशीच्या पावलांकडे बघा, हातांकडे नको. पंधरा मिनिटांत जमतं. नवरदेवाला सासू दारात ओवाळून नाक पकडते ते पोंखणं बघायला मात्र पुढं जागा धरा. छत्तिसाव्या वर्षी घोड्यावर बसलेला जिगर नाक वाचवायला मागं सरकला आणि साफा हलला. माझ्या पिना कमी पडल्या.

स्वतःच्या जुन्या शहरासाठी वेगळा वेळ ठेवा, आणि तो लग्नाच्या आधी. लग्नानंतर अंगात त्राण नसतं. मी शनिवारी सकाळी सहाला निघालो, एकटा. जोडीदाराला नेऊ नका असं म्हणत नाही, पण ‘इथं एक चहाचा ठेला होता’ हे वाक्य दुसऱ्याला फार तर तीनदा ऐकवता येतं. विद्यापीठातला आर्ट्सचा घुमट बाहेरून बघितला. काळा घोड्याजवळच्या पुलावर उभं राहून विश्वामित्रीत मगर शोधली. तो आमचा फुकटचा सिनेमा होता. कमाटीबागेतलं संग्रहालय उघडायला वेळ होता, नाहीतर तिथला देवमाशाचा सांगाडा तेवढा न बदललेला सापडला असता. दांडिया बाजारात मी ज्यांच्याकडे खोली घेऊन राहायचो त्या काकू पुण्याला मुलाकडे गेल्यात, हे फोनवर कळलं होतं. तरी गेलो. वाड्याला कुलूप होतं, ओट्यावर कोणीतरी स्कूटर लावली होती. पाच मिनिटं थांबलो. अशा ठिकाणी पाच मिनिटं पुरतात, शेजारी विचारायला लागतात.

मग सेव-उसळ. ही रिकाम्या पोटी खायची, लग्नाच्या जेवणाआधी किमान सहा तास. पांढऱ्या वाटाण्याचा पातळ रस्सा, वर जाड शेव, कांद्याची पात, सोबत पाव, आणि तरी वेगळी मागायची. मिसळीची सवय असलेला माणूस पहिल्या घासाला ‘हे तर आपलंच’ म्हणतो. तसं मोठ्यानं म्हणू नका. तरी दुसऱ्यांदा मागताना मी बाविसाव्या वर्षीच्या हातानं मागितली आणि अडतिसाव्या वर्षीच्या पोटानं ती रात्रीपर्यंत भोगली. जेवणात मोहनथाळ (बेसनाची वडी) होता, उंधियुं (सुरतेची म्हणून प्रसिद्ध तेलकट मिश्र भाजी) होतं, गरम रोटला आणि रिंगणनो ओळो (वांग्याचं भरीत) होता. मी ताक पीत बसलो.

परतीच्या बॅगेत अर्धी जागा रिकामी ठेवा. लीलो चेवडो घ्याल तर लक्षात असू द्या, तो बटाट्याचा आणि ओलसर असतो, घरी पोचल्यावर लवकर संपवायचा. दुलीरामचे पेढे चार दिवस सहज जातात. लग्नघरून डबा मिळतोच, नाही म्हणायची सोय नाही, पण त्यात उंधियुं भरताना दिसलं तर नम्रपणे मोहनथाळ मागा. मी मागितला नाही. सुरत येईपर्यंत तेल माझ्या कुर्त्यापर्यंत पोचलं होतं, आणि समोरच्या बर्थवरचे काका म्हणाले, ‘सुरती नथी लागतुं, बडोदानुं छे?’