टबाचा निचरा जोडताना मी कुठे अडकलो

आयटीआयचं प्लंबिंगचं वर्ष संपवून नुकतेच कामाला लागलेल्यांसाठी हे लिहितोय. उतार, ट्रॅप (वास अडवणारं पाणी धरून ठेवणारा वाकडा पाइप), ओव्हरफ्लो (टबाच्या वरच्या कडेजवळचं जादा पाण्याचं भोक) तुम्हाला येतंच. मला नडला तो फक्त एक सांधा.

पणजीतल्या मळा या भागातलं जुनं मजल्याचं घर. वरच्या न्हाणीघरात जुना टब काढून परदेशी बनावटीचा नवा बसवायचा होता. त्याच्या निचऱ्याची पितळी नळी दीड इंची, खालचा पाइप 40 मिमी पीव्हीसी. दुकानात आपण दीड इंच आणि चाळीस एकच धरतो. इथेच फसू नका! त्या नळीचा बाहेरचा व्यास 38 मिमी भरतो आणि पीव्हीसीच्या सॉकेटला, म्हणजे नळी आत बसते त्या तोंडाला, 40 लागतो. चहूबाजूंनी जेमतेम एक मिमी फट. नळी आत जाते, थोडी सैल वाटते, एवढंच. मी पीव्हीसी जोडायचं सोल्युशन लावलं, वरून सिलिकॉन फिरवलं. पण सोल्युशन काही डिंक नाही. ते पीव्हीसी विरघळवून दोन तुकडे एकजीव करतं. पितळेला ते धरत नाही आणि फटही भरत नाही.

बादलीभर पाणी ओतून पाहिलं, सगळं कोरडं. तिसऱ्या दिवशी मालकिणीने टब भरून बूच काढलं आणि खालच्या लाकडी छतावर ताटाएवढा डाग उमटला. बादलीचं पाणी पाइपच्या तळातून निघून जातं, भरलेला टब सुटला की सांधा काठोकाठ भरतो.

सिलिकॉनने गळती थांबते असं सांगणाऱ्या मेस्ताकडे (मिस्त्रीकडे) शिकू नका, हे मी स्पष्टच सांगतो. घड्यांचा लवचीक पाइपही नको, त्यात केस आणि साबण अडकतात. जुन्या पाइपचा तुकडा आणि नवी नळी दोन्ही घेऊन दुकानात जा, कॅलिपरने मोजा, रबरी वॉशर आवळणारा योग्य मापाचा अडॅप्टर (दोन वेगळी मापं जोडणारा तुकडा) घ्या. तो सांधा पुन्हा खोलताही येतो.

घाबरू नका, हात बसतो. मालकिणीने मलाच परत बोलावलं. या वेळी टब ओव्हरफ्लोपर्यंत भरला, तिथूनही थोडा वेळ पाणी वाहू दिलं, मग बूच काढलं. प्रत्येक सांध्याखाली वर्तमानपत्र अंथरलं होतं. टब पूर्ण रिकामा झाल्यावर कागद कोरडा निघाला, तेव्हाच बाजूच्या टाइल्स लावायला घेतल्या.