ध्रुवताऱ्याची कविता कशी वाचावी

तारा आणि जिवाची ओढ अशी कविता हाती आली की बहुतेक जण लगेच लिहून मोकळे होतात, तारा म्हणजे परमात्मा आणि बघणारा म्हणजे जीव. कविता तिथंच बंद होते. आधी तो तारा आभाळात कसा वागतो ते बघा. ओढ कसली आहे, हे त्यावरच ठरतं. सरावासाठी हा अभंग रचला आहे. (धुरा म्हणजे शेताचा बांध, जागल्या म्हणजे रात्री पिकाची राखण करणारा.)

धुऱ्यावर उभा । एकटा जागल्या ।
रात्री ओलावल्या । तुझ्यासाठी ॥
तुला नाही फेरा । मला किती फेरे ।
ध्रुवा सांग बा रे । घर कुठे ॥

मोठ्यानं वाचून अक्षरं मोजा. मोठ्या अभंगात पहिले तीन चरण ६-६ अक्षरांचे, चौथा ४ चा. यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणात. जोडाक्षर एकच धरायचं. मात्रा मोजत बसलं की हिशेब चुकतो.

मग अंगणात या. चैत्र-वैशाखात रात्री ९ च्या सुमारास उत्तरेला सप्तर्षी वर आलेले असतात. चौकोनातले शेपटीच्या विरुद्ध बाजूचे दोन तारे म्हणजे पुलह आणि क्रतू. पुलहाकडून क्रतूकडे रेघ धरा आणि दोघांतल्या अंतराच्या पाचपट पुढे न्या, तिथं ध्रुव. विदर्भातून तो क्षितिजापासून साधारण २०-२१ अंशांवर दिसतो, म्हणजे हात ताठ करून एकावर एक धरलेल्या दोन मुठींइतका वर. समोर झाडं असली तर दिसतच नाही. तो फार ठळकही नाही. सगळ्यात तेजस्वी ठिपका शोधणारे शुक्रावर जाऊन थांबतात. पण शुक्र संध्याकाळी पश्चिमेला दिसतो नाहीतर पहाटे पूर्वेला. संध्याकाळच्या शुक्राच्या कवितेत ताटातूट असते, कारण तो डोळ्यांदेखत मावळतो. ध्रुवाच्या कवितेत तो जागचा हलत नाही, भटकतो तो बघणारा.

आता 'फेरा' या शब्दावर थांबा. रानडुकरं तुरीत घुसू नयेत म्हणून रात्रभर धुऱ्यानं फिरणाऱ्याचा फेरा, हा पहिला अर्थ. बाकीचे तारे ध्रुवाभोवती फिरतात, तो दुसरा. जन्ममरणाचा फेरा तिसरा. क्रम हाच ठेवा. तिसरा आधी घेतला तर जागल्याचे ओले पाय दिसत नाहीत आणि 'ओलावल्या'तलं दव जाऊन नुसते अश्रू उरतात. (ध्रुवही अगदी स्थिर नाही, आभाळाच्या ध्रुवबिंदूभोवती एक अंशाहूनही कमी अंतरावरून फिरतो. साध्या डोळ्यांना ते कळत नाही, आणि जागल्या साध्या डोळ्यांनीच बघतो आहे.)

राहिलं 'घर कुठे'. हे ध्रुवालाच का विचारलं? पुराणातला ध्रुव म्हणजे उत्तानपादाच्या मांडीवर सावत्र आई सुरुचीनं बसू न दिलेलं पोर. विष्णुपुराणात त्याला उपासनेची वाट दाखवतात ते सप्तर्षीच. त्याला अढळपद मिळालं, पण घरातून निघाला होता तो बापाच्या मांडीसाठी. जागल्या आपल्यासारख्याच एकाला विचारतो आहे, म्हणून हाक 'बा रे' अशी जवळची. भजनात म्हणाल तेव्हा या आखूड चरणानंतर खंजिरी लगेच उचलू नका. कमी पडलेल्या दोन अक्षरांची जागा रिकामीच राहू द्या.