मोनोपॉली कशी जिंकावी: नारिंगी पट्टा, तीन घरं आणि थोडी घासाघीस

मे महिन्याच्या सुट्टीत मामाकडे 'व्यापार'चा डबा निघाला की माझा बेत ठरलेला असे: पटावरची सगळ्यात महागडी जागा घ्यायची आणि तिथे कुणीतरी येण्याची वाट बघत बसायचं. कुणी यायचंच नाही. मामेबहीण मात्र कुणाच्या डोळ्यांत न भरणाऱ्या मधल्या जागा गोळा करून दर डावाला मला कंगाल करायची. ती काय करत होती, ते पुढे मोनोपॉलीचा पट समोर ठेवून आकडेमोड केली तेव्हा कळलं.

खालचे आकडे अटलांटिक सिटीतल्या रस्त्यांची नावं असलेल्या मूळ अमेरिकी पटाचे आहेत. लंडनच्या पटावर नावं वेगळी, पण जागांच्या किमती त्याच, फक्त डॉलरच्या जागी पौंड. आपल्याकडच्या 'व्यापार'मध्ये डब्यागणिक किमती बदलतात, पण कार्डावरचं भाडं बघून हाच हिशेब मांडता येतो.

आधी नियमांवर एकमत करा

दंडाचे पैसे पटाच्या मधोमध साठवायचे आणि 'फ्री पार्किंग'वर येणाऱ्याने ते उचलायचे, हा घरगुती नियम आहे. छापील नियमांत तो नाही. अशा फुकटच्या पैशाने बुडणारा माणूस पुन्हा तरतो आणि डाव रात्रीपर्यंत लांबतो. उलट, छापील असूनही बहुतेक घरांत विसरला जाणारा नियम लिलावाचा. जागेवर आलेल्याने ती विकत घेतली नाही, तर बँकरने तिचा तिथल्या तिथे लिलाव करायचा. नको म्हणणाऱ्यालाही बोली लावता येते. बाकीच्यांचे खिसे रिकामे असतील तेव्हा लिलावात जागा अर्ध्या किमतीतही पदरात पडते.

पहिल्या दोन फेऱ्यांत हात आखडता घेऊ नका

सुरुवातीला प्रत्येकाला 1500 मिळतात. ते जपून ठेवण्यासाठी नाहीत. मिळेल ती जागा घ्या, कारण तुम्हाला नको असलेली जागा दुसऱ्याचा संच, म्हणजे एकाच रंगाच्या सगळ्या जागा, अडवते आणि पुढे सौद्यात कामी येते. चारही रेल्वे हाती आल्या तर दर खेपेला 200 भाडं येतं, ते चांगलंच. वीज आणि पाणी कंपन्या मात्र मी सहसा सोडून देतो. तिथे घरं बांधता येत नाहीत.

नारिंगीवर डोळा ठेवा

पटावर सोंगट्या सर्वांत जास्त वेळा जेलमध्ये जातात: 'गो टू जेल'चा चौकोन, 'चान्स' आणि 'कम्युनिटी चेस्ट' या दोन्ही गठ्ठ्यांतली कार्डं आणि लागोपाठ तीन डबल (दोन्ही फाशांवर सारखाच आकडा), सगळ्या वाटा तिकडेच. आता जेलपासून पुढे मोजा. सहाव्या चौकोनावर सेंट जेम्स प्लेस, आठव्यावर टेनेसी अव्हेन्यू, नवव्यावर न्यूयॉर्क अव्हेन्यू, या तिन्ही नारिंगी जागा. दोन फाशांची दानं 36 प्रकारे पडतात. त्यांत सहा पाच प्रकारे, आठ पाच प्रकारे आणि नऊ चार प्रकारे पडतो. म्हणजे जेलमधून निघून साधं दान टाकणारा माणूस 36 पैकी 14 वेळा थेट नारिंगीवर. त्यात भर म्हणजे लाल पट्ट्यातल्या 'चान्स'वर 'तीन चौकोन मागे जा' हे कार्ड निघालं की सोंगटी नेमकी न्यूयॉर्क अव्हेन्यूवर येते.

मी ज्याच्यामागे धावायचो, त्या गडद निळ्या संचात दोनच जागा असतात. त्यातल्या बोर्डवॉकवर हॉटेलचं भाडं 2000 आहे खरं, पण तिथे कुणी आलं तर!

सौदा करताना कार्डाची किंमत बघू नका, घरांची बघा

चार-पाच खेळाडू असले तर फाशांच्या भरवशावर पूर्ण संच क्वचितच कुणाला मिळतो. डाव ठरतो तो अदलाबदलीत, आणि सारी मेख इथेच आहे.

समजा तुमच्याकडे दोन नारिंगी आणि एक हिरवी जागा आहे, समोरच्याकडे दोन हिरव्या आणि एक नारिंगी. हिरवी 300ची, नारिंगी 180ची. तुम्ही हिरवी देऊन नारिंगी मागितलीत तर तो मनातल्या मनात तुम्हाला खुळ्यात काढेल. काढू द्या. दोघांकडे 900 रोख आहेत असं धरा. नारिंगीवर एक घर 100ला, म्हणजे तुमची तिन्ही जागांवर तीन-तीन घरं उभी राहतात आणि भाडं होतं 550, 550 आणि 600. हिरव्यावर एक घर 200ला पडतं. त्याची जेमतेम चार घरं होतील. घरं सगळीकडे समान वाढवायची असल्यामुळे दोन एका जागेवर आणि एकेक बाकीच्यांवर. त्याला मिळणार जास्तीत जास्त 450, आणि उरलेल्या दोन जागांवर 130. दोनतीन फेऱ्यांत निकाल लागतो.

मात्र समोरच्याकडे रोकड रग्गड असेल तर हाच सौदा अंगाशी येतो. म्हणून तोंड उघडण्याआधी त्याच्यापुढच्या नोटा नजरेनेच मोजून घ्या.

थेट तिसऱ्या घरापर्यंत जा

सेंट जेम्स प्लेसचं कार्ड बघा. एका घराला 70, दोनांना 200, तीनला 550, चारला 750, हॉटेलला 950. सर्वांत मोठी उडी दुसऱ्यावरून तिसऱ्या घराला आहे. त्यासाठी पैसे कमी पडले तर सुट्या, संचात न बसणाऱ्या जागा गहाण टाका. निम्मी किंमत मिळते आणि सोडवताना वर दहा टक्के द्यावे लागतात. एक भाडं आलं की ते वसूल. ज्या रंगावर बांधायचं त्यातली जागा मात्र गहाण ठेवू नका, नाहीतर बांधकामच करता येत नाही.

घरं आपल्याच पाळीत बांधायला हवीत असं नाही. दोन पाळ्यांच्या मध्येही बांधता येतात. समोरच्याची सोंगटी तुमच्या पट्ट्याच्या सहा-आठ चौकोन मागे येऊन थांबली, की त्याने फासे हातात घ्यायच्या आत बँकरला हाक मारा.

हॉटेलची घाई कशाला?

बँकेकडे एकूण 32 घरं आणि 12 हॉटेलं असतात. हॉटेल बांधलं की चार घरं बँकेत परत जातात आणि दुसरा ती उचलतो. त्याऐवजी चार-चार घरांवर थांबा. नारिंगी आणि फिकट निळा असे दोन संच तुमचे असतील तर 24 घरं तुमच्याच पट्ट्यांवर, आणि बाकी सगळ्यांच्या वाट्याला आठ. घरांविना हॉटेलही बांधता येत नाही. या चालीवर पूर्वी आमच्याकडे भांडणं झाली आहेत, पण ती नियमात बसते.

जेल: आधी बाहेर, नंतर आत

जागा मोकळ्या असेपर्यंत 50 भरून लगेच बाहेर पडा. पट घरांनी भरला, की उलट करा. पैसे न भरता फासे टाका, डबल न पडो अशी प्रार्थना करा आणि तिन्ही पाळ्या आतच काढा, कारण बाहेर प्रत्येक पाऊल महाग असतं. आत बसूनही तुमच्या जागांचं भाडं तुम्हालाच मिळतं. फक्त लक्ष ठेवा: मागायला विसरलात आणि खेळ पुढे सरकला, की ते भाडं बुडालं. मामेबहीण जेलमध्ये असताना हात पुढे करूनच बसायची.